दुसऱ्यांची घरं ऐकताना

ऑक्टोबर मला आवडत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडी यायची असते, आणि मधल्या या महिन्यात ऊन भांडायला आल्यासारखं दारात उभं असतं. सकाळी दहालाच गॅलरीची लोखंडी जाळी हात लावू देत नाही. आमच्या बोळिंजला इमारतींच्या मधोमध दोन-चार भातशेतं अजून तग धरून आहेत. ती या दिवसांत पिवळी पडतात, मग एका सकाळी बघावं तर आडवी झालेली असतात, आणि पेंढ्याचा कोरडा वास पाचव्या मजल्यापर्यंत चढतो. शेजारची म्हणते, काय छान वास सुटलाय. मी खिडकी लावून घेते.

त्या वासात काही वाईट नाही. वाईट मी केलं होतं, अशाच एका ऑक्टोबरात, आणि तेही रागाच्या भरात वगैरे नाही. भर ओसरतो. माझा राग चांगला दोन वर्षांचा होता, रोज थोडा थोडा साठलेला, आणि तो कुणावर काढायचा हे मी शांत डोक्याने ठरवलं होतं.

मी एका कंपनीच्या तक्रार केंद्रात काम करते. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर बिघडला की लोक ज्या नंबरवर फोन करतात, तिथे मराठीत बोलणाऱ्यांचे रेकॉर्ड झालेले फोन मी ऐकते आणि त्यांना गुण देते. 'हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड होत आहे' असं सुरुवातीला सांगतात ना, ती गुणवत्ता म्हणजे मी. नमस्कार नीट झाला का, ग्राहकाला मध्येच तोडलं का, आवाज चढला का, मागे गोंगाट होता का. गोंगाटाचा वेगळा रकाना असतो.

ऑफिसात होतो तोवर त्या रकान्याला काही काम नव्हतं. मग सगळ्यांना घरी पाठवलं, आणि माझ्या कानात एकदम लोकांची घरं शिरली. एवढी वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला आता ओळखू येऊ लागल्या. तुळिंजची एक मुलगी इतकं हळू बोलायची की ग्राहक ओरडत, 'बाई, मोठ्याने बोला!' तिचं तान्हं मांडीवर झोपलेलं असायचं. मनवेलपाड्याचा आमचा एक सहकारी चाळीतल्या एका खोलीत आई-वडील, बायको, भाऊ यांच्यासकट राहायचा. तो जिन्यात बसून फोन घ्यायचा. ग्राहक फ्रिजचा मॉडेल नंबर सांगत असायचा आणि मागून कुणीतरी म्हणायचं, 'भाई, जरा सरको, बादली है.' दोघांना विचारलं असतं तर दोन उत्तरं आली असती. ती म्हणाली असती, मला घरीच राहू द्या. तो म्हणाला असता, मला घरातून बाहेर काढा.

मी त्याच्या बाजूची होते. मला कुणी विचारलं नसतं तरी मी ओरडून सांगितलं असतं.

आमचं घर वन बीएचके. नवरा, प्रकाश, एका औषधांच्या कंपनीत खरेदीचं काम बघतो. त्यालाही घरूनच काम आलं. पहिल्याच दिवशी तो लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये गेला आणि दार लोटता लोटता म्हणाला, "मला मीटिंगमध्ये बोलावं लागतं गं. तू काय, नुसतं ऐकतेस." दार लागलं. मला हॉलमधलं जेवणाचं टेबल मिळालं. त्याच हॉलमध्ये माझे सासरे, अण्णा. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून टीव्ही अख्ख्या मजल्याला ऐकू जातो. कानावर हेडफोन घट्ट दाबून मी लोकांच्या घरांतले आवाज मोजत बसायचे, आणि माझ्या घरातला आवाज मोजायला कुणी नव्हतं.

बेल वाजली की उठायचं मी. गॅसवाला मी, इस्त्रीवाला मी, सोसायटीने पाणी सोडलं की पिंप भरायला मी. प्रकाश वाईट माणूस नाही, त्याने कधी आवाज चढवला नाही. तो फक्त दार उघडून मान बाहेर काढायचा आणि म्हणायचा, "चहा टाकतेस? घरीच तर आहेस." हे वाक्य मी त्या दोन वर्षांत किती जणांच्या तोंडून ऐकलं! नणंद म्हणाली, "तुझ्याकडे चार दिवस येते, तू घरीच तर आहेस." शेजारीण म्हणाली, "किल्ली तुमच्याकडे ठेवते, तुम्ही घरीच तर असता." आणि आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर प्रकाश म्हणाला, "यंदा फराळ विकत नको. तू घरीच तर आहेस."

चकल्या मी कानात हेडफोन घालून पाडल्या. सोऱ्या दाबता दाबता मनगट भरून आलं, एका हाताचं पीठ कीबोर्डला लागलं, आणि कानात कुणी बाई वॉशिंग मशीनचं पाणी स्वयंपाकघरभर झालं म्हणून रडत होती. अण्णांनी हाक मारली, "वैशाली, जळतंय काय गं?" तळणीतला घाणा काळा झाला होता. तो मी तसाच ताटात काढला आणि प्रकाशच्या बंद दारापुढे ठेवून आले. त्याने संध्याकाळी तो खाल्ला. म्हणाला, जरा कडक झाल्यात.

लोक विचारतात, घरून बरं की ऑफिसातून? प्रश्न असा टाकतात, जणू चहा की कॉफी. मला ऑफिसमध्ये जायला-यायला जे हाल व्हायचे त्यांचं कधी काही वाटलं नाही. तिथे माझी एक खुर्ची होती. निळी, एका बाजूचा हात सैल झालेली. त्या खुर्चीत मी बसले की मला कुणी उठवत नसे. दुपारी मशीनचा पाणचट चहा घेऊन मी खिडकीपाशी उभी राहायचे आणि पाच मिनिटं कुणाचीच नसायचे. ती पाच मिनिटं मला परत हवी होती, आणि त्यासाठी मी काय करायला तयार होईन हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग संजीवनी.

ती आमच्याकडे नवीनच लागली होती. सगळ्यांना घरी पाठवण्याआधी ऑफिसात मी तिला दोन-तीनदाच पाहिलं असेल. तिशीतली, काटकुळी, केसांची घट्ट वेणी. वसईच्या खाडीकडच्या एका गावात शेतकरी कुटुंबात दिलेली. फोनवर ती सावकाश बोलायची. चिडून फोन केलेला माणूस तिसऱ्या वाक्याला निवळायचा. घाई नाही, 'सर-मॅडम'चा भडिमार नाही. 'काका, आधी प्लग काढा बरं, मग मी सांगते,' अशी घरच्या माणसासारखी. गुण द्यायला बसले की सगळे रकाने भरायचे. गोंगाटाचा सोडून.

तिच्या फोनांच्या मागे कोंबडा असायचा, विहिरीवरची मोटर असायची, नारळाच्या झावळ्यांची सळसळ असायची. ऑक्टोबर लागला तसं मागे भात झोडणं सुरू झालं. पेंढी फळीवर आपटल्याचा तो आवाज, धप्प, मग दाणे पसरल्यासारखं काहीतरी, पुन्हा धप्प. मी इकडे टेबलावर, डोक्यावर पंखा गरगरतोय, टीव्हीवर कुणी कुणाला शिव्या घालतंय, आणि कानात तिचं ते अंगण.

मला तिचा हेवा वाटला असं म्हटलं तर बरं दिसेल. हेवा नव्हता तो. संताप होता. हिला सगळं मिळालंय, असं मला वाटे. अंगण, झाड, वारा, आणि वर नोकरी. ही कशाला ऑफिसात येईल? आणि असे लोक जोवर घरी सुखात आहेत, तोवर मला माझी खुर्ची कशी मिळेल?

कारण तेव्हाच कंपनीने एक फॉर्म पाठवला होता. घर की ऑफिस, एकावर खूण करा. मी खूण केली, आणि खाली मोकळ्या जागेत चार ओळी लिहिल्या. पण बहुतेकांनी घर निवडलं होतं. आमचा मॅनेजर निखिल माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला हा निकाल बघून राग आला. त्याचा समज असा, की जे दिसत नाहीत ते झोपलेत.

त्याने मला फोन केला. "मॅडम, मला वरच्यांना ऐकवायला काहीतरी द्या. घरून काम म्हणजे नक्की काय चाललंय, ते त्यांच्या कानांवर पडू दे. आठ-दहा तुकडे बस्स. जरा चटपटीत बघा."

"देते," मी म्हणाले. त्याला मला पटवावं लागलं नाही.

तुकडे काढायला माझ्यासारखी दुसरी नव्हती. तान्ह्याचं रडणं घेतलं, जिन्यातली बादली घेतली. आणि संजीवनीचा एक फोन घेतला.

साताऱ्याकडचे कुणी निवृत्त गृहस्थ होते. फ्रिज बंद पडला होता, आत औषधं होती, काळजीत होते. संजीवनी त्यांना समजावत होती आणि मागून एक म्हातारा, कोरडा आवाज आला, "संजू... पानी दे गं. घसा सुकला." संजीवनी क्षणभर थांबली. पुन्हा तो आवाज आला, "संजू गं!" ती म्हणाली, "काका, एक मिनिट हं." आणि फोन तसाच ठेवून गेली.

त्यापुढे, ती उठत असतानाच, ते गृहस्थ बोलले होते. मी ऐकलं होतं. ते म्हणाले होते, "जा जा, आधी म्हातारीला पाणी द्या बाई. माझा फ्रिज कुठं पळत नाही."

कापणं सोपं असतं. पडद्यावर आवाज म्हणजे एक दातेरी रेघ असते. हवी तिथे खूण करायची आणि पुढचं टाकून द्यायचं. मी 'एक मिनिट हं' नंतर खूण केली. पुढचं टाकलं. आता ऐकणाऱ्याला एवढंच कळत होतं, की औषधं खराब होताहेत म्हणून घाबरलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला टांगून ठेवून ही बाई घरकामाला निघून गेली.

मीटिंगला सगळे पडद्यावर होते, प्रत्येक जण आपापल्या चौकोनात. निखिलने तुकडे वाजवले. तान्ह्याला लोक हसले, बादलीला हसले. तो जिन्यातला सहकारी स्वतःही हसला. मग 'संजू, पानी दे गं' वाजलं. कुणाचा तरी माइक चालू होता, एक पुरुषी आवाज म्हातारीची नक्कल करत म्हणाला, "पानी दे गं, पानी!" आणि हशा पिकला.

संजीवनीचा कॅमेरा चालू होता. मागे निळा चुना दिलेली भिंत, वर देवाचं कॅलेंडर. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने माइक चालू केला.

"सर, पुढचं पन वाजवा ना."

तिच्या तोंडून 'पन' निघालं तसे पुन्हा दोघं-तिघं हसले.

"पुढचं काय?" निखिल म्हणाला.

"पुढे ते काका बोलले ते. ते वाजवा."

"अहो, पुढे आपल्याला काम पन करायचंय ना?" त्याने तिचाच शब्द उचलला आणि मीटिंग पुढे नेली.

माझा माइक बंद होता. तो चालू करायला एक बोट लागतं. मी ते बोट टेबलाखाली दुसऱ्या हातात धरून बसले. त्या सगळ्या चौकोनांमध्ये दोनच माणसांना माहीत होतं की पुढे काय होतं. एक ती, एक मी. आणि कुणी कापलं असेल हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. फोन ऐकण्याचं काम आमच्यात एकटी मीच करते.

दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून सर्वांनी ऑफिसात यावं, असा मेल आला. आठवड्याचे पाचही दिवस. मी खूश झाले. हे लपवण्यात अर्थ नाही. मी कपाटातले ऑफिसचे ड्रेस काढले, इस्त्रीवाल्याकडे दिले, आणि प्रकाशला म्हणाले, "उद्यापासून बेल वाजली की तू ऊठ." तो म्हणाला, "असं कसं, माझ्या मीटिंग असतात!" मी दोन वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसले.

निळी खुर्ची मिळाली. चहा तसाच पाणचट होता. खिडकी होती. आणि मी कानाला हेडफोन लावला तेव्हा सगळ्या फोनांच्या मागे आता एकच आवाज होता, एसीचा. कोंबडा नाही, बाळ नाही, भात नाही. गोंगाटाचा रकाना रिकामा. मला जे हवं होतं ते सगळं आलं होतं.

संजीवनीची जागा माझ्या पुढच्या रांगेत होती. मला तिची वेणी दिसायची. ती ठरल्या वेळेला यायची, ठरल्या वेळेला जायची. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती फोन लावायची, आणि तिचं बोलणं रेकॉर्ड होत नसलं तरी मला ऐकू यायचं. "वहिनी, आईंना उठवून बसवलं का? चुलीकडे जाऊ देऊ नका हं त्यांना. गोळी दिली? बरं, थोडा वेळ बसा ना त्यांच्यापाशी. मी आल्यावर तुमचं दळण आणते." असं रोज. त्यातून मला कळलं की सासूची नजर गेलेली आहे, नवरा टेम्पो घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असतो, आणि ही शेजारणीच्या जिवावर कामाला येते.

एकदा लिफ्टपाशी आम्ही दोघीच होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "कसं चाललंय, संजीवनी?"

ती दाराकडे बघत म्हणाली, "ऐकताय ना तुम्ही."

दिवाळीच्या आधीच ती सोडून गेली. सासू अंगणात पडली आणि मनगट मोडलं, असं कळलं. निखिल म्हणाला, "गेली ते बरं झालं. तिचं मन नव्हतंच कामात." मी म्हणायला हवं होतं, की या मजल्यावर कामात मन असलेली ती एकटीच होती. मी म्हणाले, "हं."

माणसाला जे हवं असतं ते मिळाल्यावर तो शांत होतो असा आपला समज असतो. मी खिडकीपाशी चहा घेऊन उभी राहायचे आणि ती पाच मिनिटं मला चावायची. शेवटी मी चहा खुर्चीत बसूनच प्यायला लागले.

आणि एवढं करून काय झालं? पुढचा पावसाळा संपता संपता कंपनीने तो मजलाच सोडून दिला. भाडं परवडत नाही, म्हणून सगळे पुन्हा घरी, या वेळी कायमचे. मेलमध्ये लिहिलं होतं, की कर्मचाऱ्यांच्या सोयीचा विचार करून. ज्याने तुकडे वाजवून लोकांना घरातून उठवून आणलं तो निखिल तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता, आणि तिथून त्याने घरून काम करण्याचे फायदे सांगणारा एक लेख टाकला होता. मी तो पूर्ण वाचला. शिव्या मला फारशा येत नाहीत, येत होत्या तेवढ्या दिल्या. घर की ऑफिस, हे त्यांनी कधी आमच्यासाठी ठरवलंच नव्हतं. आणि आम्ही मात्र त्यावरून एकमेकींचे गळे धरले. त्या फॉर्ममध्ये दोन चौकोन होते. कुणाचं घर, त्या घरात कोण दार लावून बसतं आणि कोण बेल वाजली की उठतं, याला एकही चौकोन नव्हता.

प्रकाश म्हणाला, "बरं झालं. अण्णांनाही सोबत." मी लॅपटॉप टेबलावर ठेवला.

जागा बदलताना जुनी रेकॉर्डिंग पुसून टाकायचं काम माझ्याकडे आलं. ऑक्टोबरच होता. बाहेर कुणीतरी दिवाळीसाठी गाद्या बडवत होतं, खाली शेतात कापणी चालली होती, आणि यादीत तो साताऱ्याचा फोन आला. मी पुसणार होते. पुसायच्या ऐवजी लावला, आणि पहिल्यांदाच पूर्ण ऐकला.

ती परत आली, धापा टाकत. "माफ करा हं काका." ते म्हणाले, "प्यायली का पाणी?" "हो." "आई का?" "सासूबाई. दिसत नाही त्यांना." "मग सावकाश सांगा, मला घाई नाही." मग तिने त्यांना फ्रिज भिंतीपासून ओढायला लावला, मागची वायर उंदराने कुरतडली आहे का बघायला सांगितलं, दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावायला सांगितलं. थोडा वेळ नुसता ओढाताणीचा आवाज. आणि मग ते एखाद्या पोरासारखे ओरडले, "चालला! चालला बाई!" ती हसली. इतकी मोकळी हसली, की टेबलापाशी बसल्या बसल्या मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि तिच्या गावाला गेले. घरी सांगितलं नाही. नाक्यावर विचारत विचारत पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. कौलारू घर, अंगणात पेंढा रचलेला, ओट्यावर एक म्हातारी भिंतीला टेकून बसलेली. पायरवाने तिने मान वळवली.

"कोन?"

"मी संजीवनीच्या जुन्या ऑफिसातली."

"हापिसातली?" तिचा चेहरा उजळला. "ऐकनारी का?"

मी म्हणाले, "हो."

"बस गं बाय, बस." ती चाचपत बाजूला सरकली. "संजू सांगायची. एक बाय हाय, आपलं सगळं ऐकते आनि मार्क देते. चांगले मार्क देते मनायची. मनून मी गपच बसायची. खोकला आला तर पदर तोंडात धरायची. तिचे मार्क जायला नकोत ना." ती हसली. "एक दिस नाय जमलं. लय ऊन होतं त्या दिशी."

मी तिच्या शेजारी बसले. ओटा तापलेला होता. तिला बोलणारं माणूस मिळालं होतं, ती बोलत राहिली. मनगट बरं झालं, पण वाकडं बसलं. तिने ते पुढे करून दाखवलं. मी त्याला हात लावला नाही.

स्कूटर आली. संजीवनीने हेल्मेट काढलं. अंगात फिकट हिरवा कोट, गळ्यात ओळखपत्र. मी तिला विळा घेऊन शेतात बघायच्या तयारीने आले होते. ती वसईतल्या एका दवाखान्यात फोन घ्यायच्या टेबलावर बसते, हे मला त्या ओळखपत्रावरून कळलं.

तिने मला पाहिलं. सासूला म्हणाली, "आई, आत चला, ऊन आलंय ओट्यावर." तिला धरून आत नेऊन बसवलं, मग बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"कशाला आलात?"

"माफी मागायला. चुकलं माझं, संजीवनी."

"चुकलं नाय, मॅडम." तिचा आवाज खाली होता, फोनवर असायचा तितकाच सावकाश. "तुम्ही कापलं. चुकनं वेगळं, कापनं वेगळं."

मी बोलत सुटले. माझं घर, ते टेबल, बंद दार, चकल्या, सगळं. शेवटी म्हणाले, "मला वाटायचं, तू इथे किती सुखात आहेस. ते अंगण, ते झोडण्याचे आवाज..."

"ते झोडताना लांबून ऐकलंत तुम्ही. एकदा पेंढी हातात घ्या, मग सांगा गोड वाटतं का." ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत होती. "मला त्या नोकरीत काय आवडायचं, माहीत आहे? कानाला लावलं की नऊ तास मला कोनी सून मनायचं नाय. लांबलांबची मानसं मला विचारायची, मॅडम, आता काय करू? मी सांगायची आणि ती करायची. आईंच्या खाटेपाशी बसून मी बाहेर असायची. तुम्हाला बाहेर पडायला ऑफिस लागलं, मला ती खाटेची कड पुरत होती. तीपन तुम्ही घेतलीत."

तेच माझंही होतं. अगदी तेच. आपण दोघी सारख्याच, असं म्हणायची वेळ मी घालवून बसले होते.

"रिक्षा नाय मिळनार इथं," ती म्हणाली. "नाक्यापर्यंत सोडते."

दोन्ही बाजूंना कापलेली शेतं, त्यांत भाताचे आखूड खुंट, वर उभं ऊन. खड्डा आला की माझा हात तिच्या खांद्याकडे जाई. मी मागची दांडी धरली.

नाक्यावर मी उतरले. तिने गाडी बंद केली नाही.

"आईंना मी काय सांगितलेलं नाय," ती म्हणाली. "नोकरी मीच सोडली असं त्यांना वाटतं. ऐकनारी बाई चांगली होती, असंच त्या गावभर सांगतात. आता तर तुम्ही येऊन पन गेलात, महिनाभर तेच सांगत बसतील. सांगू दे त्यांना. तुम्ही परत येऊ नका."

ती वळली आणि धूळ उडवत गेली. रिक्षा यायला बराच वेळ होता. समोर टपरी होती, तिच्या पत्र्याखाली सावली होती, दोन बायका सरकून जागा करत मला बोलवत होत्या. मी हातानेच नको म्हटलं आणि होते तिथेच, उन्हात, उभी राहिले.